भाकरीचा मान

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आज उपासनेत दोनदा लक्ष उडालं. शिवाय घरी आल्यावर शेजारच्या काकूंना "जेवण झालंय" म्हणाले आणि ते झालेलं नव्हतं. त्या वाढायला लागल्या असत्या म्हणून बोलले, पण बोलले. पप्पा लहानपणी सांगायचे की मोठं खोटं चोरासारखं रात्री येतं आणि लहान खोटं पाहुण्यासारखं दिवसा, आपणच त्याला पाट मांडतो. दम्यामुळे मी दहाव्या वर्षापर्यंत शाळेत गेलेच नाही. शुभवर्तमान समोर ठेवून पप्पांनीच मला अक्षरं शिकवली. म्हणून असेल, काही चुकलं की मला आधी त्यांचा आवाज ऐकू येतो.

उपासनेनंतर महिला मंडळाची सभा झाली. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर बेकरीतून येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका घराला भाकरीचा मान असतो. त्या घरच्या बाईने गव्हाची, बिनखमिराची एक मोठी भाकर करायची, पांढऱ्या फडक्यात बांधून उपासनेआधी पाळकसाहेबांच्या खोलीत आणून द्यायची. मेज लावायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे ती भाकर मीच घेते.

आज पुढच्या महिन्याचा मान ठरायचा होता. लंकाबाई उठून उभ्या राहिल्या. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, नागापूरला राहतात. नवरा सहादेव एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहे. मूळचे जामखेडकडचे. आधी ऊसतोडीला जायचे, दोन वर्षांपूर्वी ईस्टरला सगळ्या घराने बाप्तिस्मा घेतला.

"पाळकसाहेब, दोन वर्सं झाली. बाकीच्या बायांचा मान दोन-दोनदा होऊन गेला. माझा कवा?"

मंडळाची सचिव म्हणजे माझीच सुरेखाआत्या. ती म्हणाली, "अगं लंकाबाई, तुझी किती दगदग. त्यात हे कशाला?"

"भाकरीची कसली दगदग बाई? रोज चवड थापते मी. ही तर एकच हाय."

सगळ्या हसल्या. पाळकसाहेब म्हणाले, "नोव्हेंबरचा मान लंकाबाईंचा. अमेरिकेच्या पाहुण्याही येणार आहेत, त्यांनाही बरं वाटेल."

 घरी येताना, आमचं केडगाव आल्यावर आत्या म्हणाली, "नव्या लोकांची राहणी बसायला वेळ लागतो गं." आत्या सिव्हिलमध्ये नर्स होती, तिला स्वच्छतेची काळजी वाटणं साहजिक आहे. मम्मी गेल्यावर तिनेच माझी वाफेची भांडी रात्ररात्र गरम केली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

पाहुण्यांचा फोटो आला. अमेरिकेतल्या आपल्या भगिनी मंडळीच्या पाळक, रेव्हरंड नोरीन. दोन नोव्हेंबर हा आपण 'वर्णभेदविरोधी रविवार' म्हणून पाळणार आहोत आणि संदेश त्या देणार आहेत. आत्याने चष्मा लावून फोटो पाहिला.

"अगं बाई! या अमेरिकेच्या ना? मला वाटलं गोऱ्या असतील."

पप्पा म्हणाले, "सुरेखा, रंग देवाने दिलेला असतो."

"मी कुठं काय म्हणाले? पोरांना सांगून ठेवा म्हटलं, टक लावून बघू नका."

मला दोन कामं मिळाली आहेत. संदेशाचं मराठी भाषांतर करायचं, बाईंच्या शेजारी उभं राहून. आणि त्या दिवसाची पापकबुलीची प्रार्थना लिहायची. 

रविवार, २६ ऑक्टोबर

प्रार्थनेवरून पप्पांशी बोलणं झालं. मी लिहिलं होतं, "ज्या मंडळ्यांनी आपल्या बांधवांना मागच्या बाकांवर बसवलं, त्यांना क्षमा कर." पप्पांनी 'त्यांना' खोडून 'आम्हांला' केलं. मी म्हटलं, "पप्पा, आपण हे केलेलं नाही. न केलेल्या पापाची कबुली म्हणजे देवासमोर खोटं बोलणं नाही का?"

पप्पा हसले. "पापकबुली अशीच लिहितात बेटा. पद्धत आहे."

मी 'आम्हांला' ठेवलं, पण मन निवांत नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

संध्याकाळी लंकाबाईंचा फोन. "सुवार्ताताई, मीठ घालायचं का न्हाई वो?" मी म्हटलं, नाही घालत. "तवा नवा आणलाय. जुन्यावर मटण झाल्यालं, म्हटलं नको. आनि आकार केवढा? ताटाएवढा का परातीएवढा?" मागून सहादेव ओरडला, "इचार, भाकरीवर नाव घालायचं का!" आणि सगळं घर हसलं. मीही हसले.

उद्या भाषांतर. रेव्ह. नोरीन 'ग्रेस' म्हणाल्या तर 'कृपा' म्हणायचं की 'अनुग्रह'?

रविवार, २ नोव्हेंबर

आज लिहिता येत नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

लिहिते. क्रमाने लिहिते.

सकाळी लंकाबाई, सहादेव आणि त्यांची मुलगी सुकन्या लवकरच आले. सुकन्या बी.कॉम.ला आहे. लंकाबाईंनी नवी साडी नेसली होती, जांभळी. फडक्यात बांधलेली भाकर त्यांनी दोन्ही हातांनी मला दिली. अजून ऊब होती. "पहाटंच केली, शिळी नको म्हणून."

त्या बाहेर गेल्या आणि आत्या आत आली. तिने फडकं सोडलं, भाकर बोटाने दाबून पाहिली. "जाड आहे. मध्ये कच्ची राहिली असणार. सुवा, पाहुण्याबाईंचं पोट बिघडलं तर? नाव सगळ्या मंडळीचं जाईल." मग पिशवीतून तिने दुसरी भाकर काढली, पातळ, लाटलेली, कडा गोल. "असावी म्हणून करून आणलीय."

मी म्हटलं, लंकाबाईंना सांगायला हवं. आत्या म्हणाली, "सांगून तिला दुखवायचं? तिला कळणारही नाही. तुकडेच होतात शेवटी." बाहेर घंटा झाली. मी ताटात आत्याची भाकर ठेवली, वरून कापड घातलं, आणि लंकाबाईंची भाकर फडक्यासकट कपाटात झग्यांच्या खाली ठेवली. आत्याने सावधगिरी म्हणून आधीच एक करून ठेवली हे नशीबच, असं मला तेव्हा खरोखर वाटलं. मला सगळी धास्ती भाषांतराची होती.

भाषांतर चांगलं झालं. रेव्ह. नोरीन यांनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. आजी ज्या चर्चची फरशी पुसायची, तिथे रविवारी तिला आत बसता येत नसे. दोन वाक्यं मी रडत बोलले. मंडळीही रडली. मी लिहिलेली पापकबुली सगळे मिळून वाचत होते तेव्हा अंगावर काटा आला. मग पाळकसाहेबांनी कापड काढलं आणि भाकर उचलून मोडली.

तेव्हा माझी नजर लंकाबाईंकडे गेली. त्यांनी मान पुढे काढून पाहिलं. मग सहादेवाच्या कानात काहीतरी बोलल्या. ताट आलं तेव्हा त्यांनी तुकडा घेतला, पण हातातच ठेवला.

उपासनेनंतर पटांगणात चहा होता. रेव्ह. नोरीन मला म्हणाल्या, ही भाकर ज्या बाईने केली तिला मला भेटायचं आहे. मी आत्याकडे पाहिलं. आत्याने क्षणभरही न थांबता हाक मारली, "लंकाबाई! ये, ये. ही आमची नवीन बहीण. हिनेच केली." फोटो काढणारेही आले.

रेव्ह. नोरीन यांनी लंकाबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि आभार मानले. लंकाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत, हळू पण स्वच्छ बोलल्या:

"बाईंना सांगा, ही भाकर म्या केलेली न्हाई. माझी भाकर बदलली. बदलायची हुती तर मला मान कशाला दिला, ते इचारा."

सगळे माझ्याकडे बघत होते. पाळकसाहेब, आत्या, कॅमेरा. आणि मी इंग्रजीत म्हणाले, "त्या म्हणतात, त्यांना फार आनंद झाला. देवाला गौरव असो."

रेव्ह. नोरीन यांनी लंकाबाईंना मिठी मारली. लंकाबाईंना वाटलं असणार की ही मिठी त्यांनी सांगितलेल्या गोष्टीसाठी आहे. त्यांचे डोळे भरून आले. पण सुकन्या माझ्या समोरच उभी होती आणि तिला इंग्रजी येतं. ती आईचा दंड धरून तिला फाटकाकडे घेऊन गेली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कपाटातली भाकर घरी आणली आहे. टाकवत नाही. रात्री जेवताना ताटात वाढली. मधोमध मोडून पाहिली. कच्ची नाही. कुठेही कच्ची नाही.

पप्पांना विचारलं, घेता का? ते म्हणाले, "नको बेटा, पोट जरा बरं नाही." मग त्यांनी आत्याच्या दोन पोळ्या खाल्ल्या, वर भात.

मी वाट पाहिली. ते वर पाहतील असं वाटलं. त्यांनी पाहिलं नाही.

भाकर मी एकटीच खाते आहे, रोज थोडी.

रविवार, ९ नोव्हेंबर

लंकाबाईंच्या घरचं कुणी आलं नाही. आत्या म्हणाली, "नवीन लोकांचं असंच. उत्साहाने येतात, तसेच निघून जातात." दोघी-तिघींनी मान हलवली. मीही हलवली का? आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच भीती वाटते.

या आठवड्यात चारदा प्रार्थना केली. प्रत्येक वेळी देवाला म्हणते, मला शांती दे. आज जाणवलं की चारही वेळा मी माझंच मागितलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज घरच्या सकाळच्या शिकवण्या आटोपून नागापूरला गेले. घर दोन खोल्यांचं, समोर कंपनीची भिंत. लंकाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी "या" म्हटलं. सुकन्याने म्हटलं नाही.

मी बसल्याबसल्या सांगून टाकलं, भाकर मी बदलली. आत्याचं नाव घेणार नव्हते, पण घेतलं.

लंकाबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "मग माझी कुठं गेली?"

"मी खाल्ली."

"तू? आख्खी?"

"हो. पाच-सहा दिवस लागले."

"कच्ची हुती का?"

"नव्हती."

"मग बरी झाली हुती म्हनायची." त्या तांदळात बोटं फिरवत राहिल्या. "कच्ची नका म्हनू पोरी. मांगिणीच्या हातची म्हना. आमाला कळतं."

आमच्या घरात तो शब्द कधीच कुणी उच्चारलेला नाही. मी ते आमचं चांगलेपण समजत आले.

आतून सहादेव आला. पहिल्या पाळीहून आला असावा, हाताला ग्रीस होतं. खाली बसत म्हणाला, "आमच्या गावात आमची मांगांची वस्ती येगळी, तुमच्या लोकांची, म्हारांची, येगळी. दोन्ही गावाच्या भाईरच बरं का. पाटलाला दोन्ही सारख्याच. पर मधी एक ओढा हुता. तुमची मानसं आमच्या वस्तीखालचं ओढ्याचं पानी पीत नव्हती. मला वाटलं, चर्चात तरी ओढा नसंल."

मी म्हटलं, "मला क्षमा करा, लंकाबाई."

सुकन्या पहिल्यांदा बोलली. "सगळ्या चर्चमध्ये तुझ्या काकू, मावश्या. आमची आई तेवढी लंकाबाई."

तेही खरं होतं. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

चहा आला. कप तोंडाला लावण्याआधी मी कपाची कड पाहिली. एरवी मी कप पाहत नाही. कुणाला दिसलं नसेल, पण मला दिसलं. मग मी सगळा चहा प्यायले, जीभ भाजली तरी थांबले नाही. त्याने काय होतं?

उठताना मी म्हटलं, रेव्ह. नोरीन यांना ईमेल करून खरं काय ते कळवते. सुकन्या म्हणाली, "ती बाई गेली विमानानं. आईला दर रविवारी कुणाची तोंडं बघायची आहेत?"

"सुके, गप." लंकाबाई, म्हणजे लंकाकाकू, मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. "क्षमाबिमा देव बघंल. माझं बोलनं तुझ्याकडं राहिलंय. चर्चातल्या ज्यांच्यासाठी बोलले त्यांना देऊन टाक. मग बघू, यायचं का न्हाई."

शनिवार, १५ नोव्हेंबर

पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांना धक्का बसला नाही, हेच मला लागलं. म्हणाले, "सुवार्ता, ही जखम जुनी आहे. खपली काढली तर रक्त येईल. नाताळ होऊ दे. मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन येतो. केक वगैरे घेऊन."

रात्री पप्पांना सांगितलं की उद्या साक्षीच्या वेळी मी उभी राहणार आहे. आमच्याकडे संदेशाआधी थोडा वेळ असतो, कुणीही उभं राहून देवाने केलेल्या उपकाराची साक्ष देतं. पप्पांनी शुभवर्तमान मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "पश्चात्ताप अंतःकरणात करायचा असतो. देव मन पाहतो." थोड्या वेळाने, "सुरेखाने तुला वाढवलं."

"पप्पा, त्या दिवशी तुमचं पोट खरंच बरं नव्हतं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. मी उठून आले.

रविवार, १६ नोव्हेंबर

उभी राहिले नाही.

पाळकसाहेबांनी विचारलं, आज कुणाची साक्ष? एका आजोबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं सांगितलं. मग सगळे थांबले. मी बाक घट्ट धरला होता. श्वास लागला, खरंच लागला, पण पंप पर्समध्येच होता. आत्याने मागून पाठ चोळली. त्या हाताखाली मी बसून राहिले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मी लहान खोट्यांचा हिशेब ठेवते कारण ती मोजता येतात. आज हे सुचलं आणि लगेच वाटलं, किती छान वाक्य. असं वाटण्याची लाज वाटते.

रविवार, २३ नोव्हेंबर

उभी राहिले.

 मी म्हणाले, "देवाने केलेल्या उपकाराची साक्ष नाही. मी केलेल्या खोट्याची आहे." मग सांगितलं. भाकर लंकाकाकूंची होती, मी ती काढून कपाटात ठेवली आणि दुसरी ठेवली. ती कच्ची नव्हती, मी खाल्ली आहे. पटांगणात त्या जे बोलल्या ते मी पाहुण्यांना सांगितलं नाही. ते आता सांगते. आणि ते त्यांच्याच शब्दांत सांगितलं:

"ही भाकर म्या केलेली न्हाई. माझी भाकर बदलली. बदलायची हुती तर मला मान कशाला दिला, ते इचारा."

'म्या' म्हटलं तेव्हा गायन मंडळातली मुलं हसली. 'इचारा' म्हटलं तेव्हा दारापाशीही कुणीतरी हसलं. मला वाटतं त्यांना वाटलं मी नक्कल करते आहे. मग हसणं थांबलं. पंख्याचा आवाज येत होता. मी तशीच उभी, कारण बसायचं कधी ते कळेना.

पाळकसाहेब म्हणाले, "आपण गीत क्रमांक एकशे बारा गाऊ या." मंडळी उठली. सगळे उभे राहिल्यावर मी उभी असल्याचं दिसेनासं झालं.

आत्या गात नव्हती. ती पुस्तक उघडून धरून खाली बघत होती. पप्पा गात होते, पण मला त्यांचा आवाज ओळखता आला नाही. उपासना संपल्यावर ते माझ्यासाठी थांबले नाहीत. रिक्षा स्टँडपर्यंत पुढे चालत गेले.

लोक हसले तेव्हा मला लंकाकाकूंची लाज वाटली. त्या हसणाऱ्यांची नाही. त्यांच्या भाषेची वाटली, माझ्या तोंडातून येताना. एक क्षणच. पण हे लिहून ठेवलंच पाहिजे.

बुधवार, २६ नोव्हेंबर

घरात बोलणं कामापुरतं. आत्या डबा भरून देते, झाकण जरा जोरात लावते.

संध्याकाळी शिकवणीची मुलं गेली आणि फाटकात सुकन्या. आत ये म्हटलं, आली नाही.

"आईनं एकच विचारायला पाठवलंय. तू तिचं बोलणं सांगितलंस हे कळलं आम्हाला. कोण हसलं का?"

"नाही" अगदी जिभेवर आलं. कशाला सांगायचं? त्यांनी आधीच पुरेसं सोसलं आहे. एका शब्दाने त्यांना वाचवता आलं असतं, आणि तो शब्द किती दयाळू वाटत होता. आत्यालाही तसंच वाटलं होतं, सांगून तिला दुखवायचं कशाला.

"हसले," मी म्हणाले. "गायन मंडळातली मुलं. दारापाशीही कुणीतरी. नंतर सगळे गप्प बसले."

सुकन्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"आई म्हणाली होती, 'न्हाई' म्हणाली तर तिथून तशीच परत ये, पाणीसुद्धा पिऊ नको. हसले म्हणाली तर सांग, हसले म्हंजी ऐकू तरी गेलं." ती थोडं थांबली. "रविवारी येतोय आम्ही. पुढच्या बाकावर बसणार आहोत."

"आणि भाकर?"

"ती नाही करणार. मागणारही नाही आता. आई म्हणाली, ज्यांना पाहिजे त्यांनी घरी येऊन मागावी. तुझ्या आत्याला सांग म्हणाली. जसंच्या तसं सांग."

मग म्हणाली, "पाणी दे."

मी तांब्या आणला. ती फाटकातच उभी राहून प्यायली आणि नागापूरची रिक्षा पकडून गेली.

आत्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे. लाटण्याचा आवाज इथपर्यंत येतो. जेवणं झाल्यावर सांगावं असं मनात आलं, तिचं जेवण तरी सुखाने होईल. वही ठेवते. आत्ताच जाते.